मातीच्या घराचा जीर्णोद्धार

सरकारी कागदावर घरांच्या दोनच जाती असतात : कच्चे आणि पक्के. नोकरीच्या निमित्ताने परप्रांती वास्तव्य करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी जनगणनेच्या वेळी, पुराच्या पंचनाम्यात अथवा अनुदानाच्या अर्जावर हे दोन शब्द स्वहस्ताने लिहिले असतील. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत भिंत कशाची आणि छप्पर कशाचे हेही विचारून कुटुंबाची पायरी ठरली. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतही सपाट मुलखात एक लाख वीस हजारांचे साहाय्य कोणास द्यावयाचे, हे ठरविताना त्याच नोंदीचा आधार घेतला गेला. या व्यवहारास नावे ठेवण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. ज्याच्या छपरातून रात्रभर पाणी ठिबकते त्याला पक्क्या छताचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु शब्द निवडणाऱ्याने त्या शब्दाबरोबर एक मतही नकळत लिहून ठेवले आहे. कच्चे म्हणजे अजून पिकावयाचे, अजून पुरते न झालेले. मातीचे घर हे जणू घर होण्याच्या वाटेवर कुठेतरी अडकून पडलेले आहे, असा त्याचा ध्वनी आहे. आमचे दुर्ग येथील घर गेली ऐंशीहून अधिक वर्षे अशा रीतीने वाटेवरच उभे आहे.

हे घर आमच्या आजोबांनी जुन्या वस्तीत बांधले. दुर्गास मराठी माणूस कसा आला, हा प्रश्न महाराष्ट्रातले आप्त आम्हांस अद्यापि विचारतात, तेव्हा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तरी प्रांत एकच राहिला. दुर्गचा स्वतंत्र जिल्हा १९०६ साली झाला, कचेऱ्या आल्या, आणि मुंबई-हावडा लोहमार्ग गावावरूनच जात असल्यामुळे नागपूर एका रात्रीच्या अंतरावर आले. कारकून, वकील, मास्तर, रेल्वेचे बाबू अशी मंडळी वऱ्हाड-नागपुराकडून येत राहिली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही न हलता परप्रांतीय झालो. त्या सुमारास शेजारी भिलाईचा कारखाना उभा राहत होता. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. पोलाद आणि सिमेंट यांचे युग आमच्या मातीच्या भिंतीपासून काही मैलांवर सुरू झाले.

घराची भिंत दोन फूट जाड आहे. ती विटांची नाही. साच्यात घालून उन्हात वाळविलेल्या भेंड्यांचीही नाही. येथील रीत अशी की, मटासी नावाची पिवळसर माती भाताच्या पेंढ्याबरोबर पाण्यात तुडवावयाची, काही दिवस मुरू द्यावयाची, मग तिचे गोळे हातानेच एकावर एक बसवून हातभर उंचीचा थर रचावयाचा आणि तो सुकल्यावाचून दुसरा थर चढवावयाचा नाही. घाई करणाऱ्याची भिंत आपल्याच भाराने बसते. वर साजाचे व सागाचे वासे, त्यांवर कुंभाराच्या हातची नळीची कौले. येथे त्यांस खपरा म्हणतात आणि छपरास छानी. पुढे परछी, म्हणजे आपली पडवी. भिंतीत पठेरे, म्हणजे आपले कोनाडे. भिंतीस छुही नावाच्या पांढऱ्या मातीचा हात द्यावयाचा. बांधणारे हात सगळे येथलेच होते. मात्र आजोबांनी घराचा आराखडा विदर्भातून मनात आणला होता : माजघर, देवघर, परसात विहीर आणि अंगणात तुळशीवृंदावन. गोठा त्यांनी मागे ढकलला, धान्याच्या कोठीला माजघरात जागा दिली. अशा या घराच्या पूर्वेकडील भिंतीस तीन पावसाळ्यांपूर्वी पोट आले, आणि घराचे काय करावयाचे हा प्रश्न आम्हा भावंडांपुढे उभा राहिला.

मते तीन होती. धाकट्या पिढीचे म्हणणे, पाडून सिमेंट काँक्रीटचे दोन मजले चढवावे. पुण्यास स्थायिक झालेल्या थोरल्या बंधूंचे म्हणणे, घराच्या एका खड्यालाही हात लावू नये, 'होते तसे' राखावे. खर्चाचा वाटा पाठविण्यास ते तयार होते. तिसरे मत परिचित गुत्तेदाराचे : भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करून त्यावर मातीच्या रंगाचा हात द्यावा, म्हणजे घर पक्केही होईल आणि जुनेही दिसेल. हे तिसरे मत ऐकताच सर्वांना हायसे वाटले. जे ऐकताच सर्वांना हायसे वाटते ते जरा तपासून पाहावे, अशी आमची नोकरीतली सवय.

मातीची भिंत जमिनीतली ओल नित्य वर ओढीत असते. ती ओल भिंतीच्या पृष्ठभागावाटे हवेत निघून जाते. ओढणे आणि सोडणे यांचा मेळ बसला की भिंत शतकभर टिकते. बाहेरून सिमेंटचे कवच चढविले की जाण्याची वाट बंद होते. पाणी मग भिंतीतूनच वर वर चढत राहते. शिवाय माती आणि सिमेंट यांचे आकुंचन-प्रसरण एकसारखे नसल्यामुळे गिलाव्यास बारीक भेगा पडतात, त्यांतून पावसाचे पाणी आत शिरते आणि आतच राहते. बाहेरून भिंत खणखणीत दिसते; आत तिचा चिखल होत असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतात रांचोस दे ताओस या गावी दोनशे वर्षांपूर्वीचे मातीचे एक ख्रिस्तमंदिर आहे. जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीने त्याची चित्रे काढल्यामुळे ते जगप्रसिद्ध झाले. दर वर्षीच्या लिंपणाचा व्याप नको म्हणून १९६७ साली गावाने त्यास सिमेंटचा गिलावा केला. हेतू उत्तम होता. परंतु दहाबारा वर्षांतच आतली माती ओलाव्याने खचू लागल्याचे आढळले, आणि १९७९ साली ते सर्व कवच उतरवून गावकऱ्यांनी पुन्हा हाताने मातीचे लिंपण सुरू केले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात सारे गाव जमून भिंती लिंपते. आमच्या पूर्वेच्या भिंतीसही बाहेरून, कमरेइतक्या उंचीपर्यंत, सिमेंटचा एक पट्टा कित्येक वर्षांपूर्वी मारलेला होता. पोट नेमके त्या पट्ट्याच्या वर आले होते.

तेव्हा गुत्तेदाराचे मत गेले. पण त्याच्यामागे जो विचार होता तो इतक्या सहजी जात नाही. घराचे 'रूप' राखले म्हणजे घराचा मान राखला, असे आपण सर्रास समजतो. आपल्या महाराष्ट्रातील हेमाडपंती देवळांची गत पाहावी. जीर्णोद्धार म्हणून त्यांच्या काळ्या दगडावर तैलरंग चढतो, गाभाऱ्यात संगमरवरी लाद्या बसतात, आणि पाटीवर देणगीदारांची नावे येतात. उद्धार कोणाचा झाला हे पाटी वाचून कळते. याच्या उलट प्रकार अलीकडे शहराबाहेरच्या विश्रामस्थानांतून दिसतो : भिंत विटांची, वर पेंढा मिसळून फासलेली मातीची पातळ साय, दारात एक कंदील. तेथे देवळावर नव्याचा रंग, येथे नव्यावर जुन्याची साय. दोहोंतही भिंत कशाची आहे हे पाहणाऱ्याला कळू नये, अशीच योजना असते.

बंधूंचे मत अधिक सात्त्विक होते, म्हणून त्याचा विचार अधिक करावा लागला. होते तसे राखावे. पण होते तसे म्हणजे कसे? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला त्याच्या रथाविषयी विचारतो की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, आणि राजा निरुत्तर होतो. मातीच्या घरास हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. आमच्या छानीवरची कौले दर ज्येष्ठात फेरली जात. फुटकी काढून नवी घातली जात. ऐंशी वर्षांत मूळचे कौल एखादे उरले असेल. छुहीचा थर दर दिवाळीला नवा. सारवण तर आठवड्याचे. सेवाग्रामची बापूकुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या ध्यानात हे यावे. १९३६ साली गांधीजी शेगावास राहावयास गेले तेव्हा घराचा खर्च १०० रुपयांच्या आत असावा आणि सामान आसपासचेच असावे अशी त्यांची अट होती, असे सांगतात. मीराबेनने भिंतीवर मातीतच ताडाची झाडे, चरखा आणि ओम् उठविले. आज आपण ज्या भिंतीस हात जोडतो तिच्यावरचे लिंपण गांधीजींनी पाहिलेले नाही. ते कालपरवाचे आहे. ते कालपरवाचे आहे म्हणूनच कुटी उभी आहे. माली देशातील जेन्ने गावची मशीद १९०७ साली पुरी झाली आणि दर वर्षी सारे गाव तिला चिखलाने लिंपते. १९८८ साली तिची आणि गावाची गणना जागतिक वारशात झाली. दगडाची इमारत एकदा बांधून टाकता येते. मातीची बांधणे कधी संपतच नाही. तिथे जतन करावयाची वस्तू भिंत नसून भिंत लिंपण्याचा रिवाज आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पण असे म्हटल्यावर लगेच दुसरी अडचण पुढे येते, आणि ती केवळ तर्काची नाही. रिवाज कोणाच्या अंगावर चालतो? आमच्या घरातले सारवण, लिंपण, दिवाळीपूर्वीची छुही हे सर्व तीस-पस्तीस वर्षे वहिनींनी आणि मोलाने येणाऱ्या दोन बायांनी केले आहे. कौले फेरण्यास येणारा म्हातारा वारला. त्याचा मुलगा भिलाईत गाडी चालवितो. नळीची कौले घडविणारा कुंभार आसपास मिळत नाही, आणि त्याने का घडवावी हेही सांगता येत नाही, कारण हल्ली वानरांचे कळप वस्तीत येतात व एका दुपारी शेकडो कौलांचा चुरा करतात. छत्तीसगडातल्या खेड्यापाड्यांतून खपरा नाहीसा होऊन पत्रा आला, त्याचे श्रेय लोक आधुनिकतेला देतात. त्यातला बराच वाटा वानरांचा आहे. बंधूंचे पत्र आम्ही मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घराचा मान राखायचा तर अवश्य राखा. पण तो माझ्या कमरेने राखू नका." यावर पुण्यास काय लिहावे हे आम्हांस दोन दिवस सुचले नाही.

दूर राहणाऱ्याचे घरावरचे प्रेम हे एक विलक्षण प्रकरण आहे. आम्ही स्वतः पंचवीस वर्षे बदलीच्या गावी सरकारी बंगल्यांतून राहिलो, आणि त्या काळात दुर्गच्या घराची आठवण आम्हांस परछीच्या गारव्याच्या रूपाने येई. वैशाखात बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात आणि आत पठेऱ्यातले पाणी गार. वाळवी आठवत नसे. झडीच्या दिवसांत स्वयंपाकघरात ओली लाकडे फुंकीत बसलेली आई आठवे, पण धुरासकट आठवत नसे. ही आठवण खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या बळावर आपण दुसऱ्याला काय करावयास लावतो, तेथे मात्र नीतीचा प्रश्न सुरू होतो. जो घरात राहत नाही त्याला घराच्या रूपाविषयी मत असू शकते. त्या मताचा भार ज्याच्यावर पडतो त्याचे मत आधी ऐकावे, एवढा क्रम तरी पाळला पाहिजे. आम्हा अधिकारी मंडळींना हा क्रम उलटा पाळण्याची सवय असते. फाइलीवर घर पाहण्यास आपण शिकलेलो असतो.

आणि एक स्मरण टाळता येत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीस भूकंप झाला. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली, ती बहुतेक आपापल्या घरांच्या दगडमातीखाली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर धाब्याची मातीची छते. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे त्यांवर नवी माती पडत गेलेली, त्यामुळे छताचा भार वाढतच गेलेला. पिढ्यान् पिढ्या केलेली निगाच अंगावर कोसळली. त्यातही जेथे छप्पर लाकडी खांबांच्या खणांवर तोललेले होते तेथे काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले. दुर्गचा मुलूख भूकंपाच्या बाबतीत त्या मानाने शांत आहे. तथापि 'जुने ते शहाणे' असे म्हणणाऱ्याने किल्लारी विसरून बोलू नये. परंपरेत शहाणपण असते, तसेच परंपरेत साचलेला भारही असतो, आणि कोणते काय हे भिंत फोडून पाहिल्यावाचून कळत नाही.

म्हणून आम्ही भिंत फोडली. सिमेंटचा पट्टा प्रथम खरवडून काढला. पायथ्याशी जी माती निघाली ती हाताने पिळता येत होती. भिंतीस लाकडाचे टेके देऊन पूर्वेची बाजू अर्धी उतरविली. गावात मटासीची भिंत रचणारा एक वृद्ध गवंडी अजून होता. त्याच्या हाताखाली दोन तरुण ठेवले, आणि त्यांची रोजी काँक्रीटच्या कामाच्या रोजीहून अधिक ठरविली. हे आम्ही औदार्य म्हणून सांगत नाही. जो रिवाज टिकावा असे आपणांस वाटते त्याची किंमत आपण द्यावी, करणाऱ्याने त्याग म्हणून ती सोसू नये, एवढाच त्यातला हिशेब. जोते पूर्वी हातभर होते ते दगडाने दीड हात केले, वळचण वाढविली, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर जाईल अशी दगडी नाली काढली. बाहेरून चुन्याचा गिलावा केला. चुना ओल अडवीत नाही. गंमत अशी की, याच जिल्ह्यातल्या नंदिनीचा चुनखडीचा दगड भिलाईच्या भट्ट्यांत जातो, आणि आम्हांस घरगुती भट्टीचा चुना मिळविण्यास मात्र महिनाभर हिंडावे लागले.

स्वयंपाकघर वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे झाले. जमिनीस फरशी, ओट्यास दगड, नळ आणि सांडपाण्याची पक्की मोरी. तेवढ्या भागाची भिंत विटांची. पाणी जेथे रोज सांडावयाचे तेथे माती ठेवणे हा मातीचाच अपमान आहे, असे गवंड्याने आपल्या शब्दांत सांगितले. विटांच्या भिंतीवर मातीचा हात द्यावा काय, असे कोणी विचारले. आम्ही नको म्हटले. वीट आहे तर विटेसारखी दिसू द्यावी.

राहता राहिला प्रश्न प्रादेशिक रूपाचा. कोणता प्रदेश? बंधूंच्या मनात मराठी वाडा होता. पुतण्याने कोणत्याशा पुस्तकातून सरगुज्याच्या सोनाबाई रजवारांच्या घराची छायाचित्रे आणली. पुहपुत्रा गावच्या या बाईने वर्षानुवर्षे एकटीने आपल्या घरात मातीच्या जाळ्या व पुतळ्या घडविल्या, आणि १९८३ साली तिला राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. तशा जाळ्या परछीला लावाव्या, असे त्याचे म्हणणे. आम्हांस ते पटले नाही. सोनाबाईंच्या जाळ्या सरगुज्याच्या आणि त्याहूनही त्यांच्या स्वतःच्या. दुर्गच्या घरात त्या आणून लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातला देव उचलून आपल्या दिवाणखान्यात मांडणे होय. या घराचे रूप दुहेरी आहे : भिंत छत्तीसगडची, आखणी विदर्भाची, आणि ती सांधेजोड लपविण्याजोगी नाही. हरेलीच्या अमावास्येला, श्रावणात, कामाच्या बाई येऊन बाहेरच्या भिंतीवर शेणाने सवनाहीच्या आकृती काढतात व दारावर कडुनिंबाची डहाळी खोवतात. आमच्या आजीने पहिल्या वर्षी त्यांना तसे करू दिले, का कोण जाणे. बहुधा नव्या मुलखात नव्या दृष्टबाधेवर तिथलाच तोडगा लागू पडेल असे तिला वाटले असावे. अंगणात रांगोळी मराठी आणि भिंतीवर सवनाही छत्तीसगडी, अशी ऐंशी वर्षे गेली. परप्रांती राहणाऱ्याने आपले काय टिकवावे आणि तेथले काय घ्यावे, यावर परिसंवाद होतात. आजीने तो वाद भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वाटून देऊन मिटविला होता. नव्या चुन्याच्या गिलाव्यावर शेणाची आकृती उठते की नाही, अशी शंका होती. ती उठली, किंबहुना पांढऱ्यावर अधिक ठळक उठली.

बंधू दिवाळीस आले तेव्हा त्यांनी वीटबांधणी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी मोरीशी हात धुताना ते वहिनींना म्हणाले, "हे बरे झाले." विटांविषयी ते म्हणाले की नळाविषयी, हे आम्ही विचारले नाही.

छपराचे काम अद्याप राहिले आहे. मागल्या बाजूस पत्रा घालावा आणि पुढल्या परछीवर तेवढा खपरा ठेवावा, असा विचार आहे; पत्र्याखाली बांबूचा तट्टा व मातीचा थर दिला तर उष्मा कमी होतो. हा विचार पुण्यास पसंत नाही, वहिनींना पसंत आहे. शेजारचे एक जुने घर पडले त्याची सुमारे तीन हजार कौले आम्ही विकत घेऊन परसात रचली आहेत, आणि गवंडी होळीनंतर येतो म्हणाला आहे. ढीग ताडपत्रीने झाकून ठेवला आहे. वानरांना त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.